ठिपका

नवतपा लागला की चंद्रपुरात रात्री दहालाही गच्चीची फरशी पायाला चटका देते. दोन बादल्या पाणी मारलं, चटई टाकली आणि आम्ही भावंडं वर येऊन बसलो. खाली कूलरच्या घरघरीत धड बोलता येत नाही, आणि जे बोलायचं होतं ते लेकीच्या कानावर पडू नये असंही मला वाटत होतं. भाऊ गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवतो. मी मूल रस्त्यावर, चिचपल्लीच्या पुढच्या एका गावात, बँकेच्या शाखेत काउंटरवर असते. माहेर आमचं ब्रह्मपुरीकडचं. भेटलो की दोघांची बोली आपोआप तिकडची होते. इथं लिहिताना ती थोडी सपाट केली आहे.

विषय लेकीच्या फोनचा होता. ती चौदा वर्षांची, आता दहावीत जाईल. सातवीत तिच्या हातात फोन दिला त्याच दिवशी मी त्यावर गूगलचं फॅमिली लिंक बसवून घेतलं. तेव्हापासून तिच्या फोनची चावी माझ्या फोनात आहे. दिवसाचे दोन तास. रात्री साडेनऊला बंद, सकाळी सहाला चालू. नवं अ‍ॅप हवं असेल तर तिनं मागायचं. माझ्या फोनवर सूचना येते, मी हो म्हटलं तरच ते उतरतं. शिवाय नकाशावर एक ठिपका, ती कुठं आहे ते दाखवणारा. घरातल्या लॅपटॉपवरही तसंच, तिथं मायक्रोसॉफ्टचं. काय बघितलं, किती वेळ बघितलं, त्याचा आठवड्याचा हिशेब ईमेलनं घरपोच.

मी भावाला म्हणाले, "हे सगळं मी काढून टाकणार आहे."

"काहून?"

"मोठी झाली ती."

"चौदा म्हणजे मोठी? माझ्या वर्गात चौदाचे पन्नास पोट्टे आहेत. एकही मोठा नाही."

मग मी त्याला आजीच्या फोनचं सांगितलं. आजी म्हणजे माझ्या सासूबाई. फेब्रुवारीत त्यांचा फोन सारखा अडकायला लागला म्हणून मी हातात घेतला. यूट्यूब उघडलं तर वर हरिपाठ, आणि त्याखाली कोरियन गाण्यांची लांबच लांब रांग. मी काही बोलले नाही. चार दिवसांनी पहाटे पाणी प्यायला उठले तेव्हा लेक दिसली. सासूबाई आंघोळीला गेलेल्या, आणि ही त्यांच्या गादीवर, अंधारात, पांघरुणाचा तंबू करून.

"त्यात वाईट काही नव्हतं भाऊ. नाचणारी पोरं होती, रंगीबेरंगी केसांची. पण आवाज पूर्ण बंद केलेला. गाणी बघत होती, आवाज बंद करून. ते काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही."

भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुझ्या पोरीवर कोणाचं तरी लक्ष आहे म्हणून तिला लपावं लागतं. माझ्या पोट्ट्यांना लपावंच लागत नाही. यातलं जास्त वाईट काय, ते सांग."

त्यानं सांगितलेली गोष्ट मी इथं जशीच्या तशी देते. त्याच्या शाळेत मुलांना फोन नाही, पण सुट्टीत घरी गेलं की बापाचा फोन मुलाच्याच ताब्यात असतो. बापाला वाचता येत नाही. फोन चालू करण्यापासून सगळं मुलगा करतो. नववीतला एक मुलगा दिवाळीनंतर परत आला नाही म्हणून भाऊ त्याच्या गावी गेला. बाप सांगायला लागला की बँकेनं पैसे खाल्ले, तेंदूपत्त्याची सगळी मजुरी खात्यातून गेली. मुलगा मागं मोहाच्या झाडाखाली बसलेला, मान वर करीना. भावानं फोन मागून घेतला आणि पाच मिनिटांत त्याला कळलं. पैसे लावून खेळायचा खेळ होता. रोज थोडे थोडे गेलेले. व्यवहाराचा पिन मुलानंच बापाला टाकून दिला होता, लक्षात राहावा म्हणून स्वतःच्या जन्मसालाचा.

"बापाला खरं सांगितलंस?"

"पोट्ट्यानंच सांगितलं. मी नुसता बाजूला बसलो. बाप मारेल असं वाटलं होतं. त्यानं मारलं नाही. म्हणाला, एवढं शिकवलं तं हे शिकला का. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, पैसे लावायच्या असल्या ऑनलाइन खेळांवर संसदेनं बंदी आणली. चांगलं झालं. पण त्या माणसाचे उन्हातान्हात पानं तोडून आलेले पैसे त्याच्या आधीच गेले होते."

हे मला नवं नव्हतं. काउंटरच्या या बाजूला बसून मी रोज पाहते. लाडक्या बहिणीचं ई-केवायसी सुरू झालं तेव्हा बायांसोबत रांगेत पोरंच उभी होती, आठवी-नववीतली. ओटीपी पोरगं वाचणार, पोरगंच टाकणार. आई नुसती फोन पुढं करणार. पालकांच्या नियंत्रणाची ही सोय ज्यांनी बनवली त्यांच्या मनातलं घर वेगळं आहे. त्या घरात आईबापाचा एक फोन, मुलाचा दुसरा, आणि आईबापाला मुलापेक्षा जास्त कळतं. आमच्या जंगलपट्ट्यात घरोघर एकच फोन, आणि त्यातलं कळणारं माणूस वयानं सगळ्यात लहान. तिथं कुलूप कोण कोणाला लावणार? माझ्या घरात ते लावता आलं कारण मी शिकलेली, नोकरी करणारी. हे भावाला म्हटलं तर तो उसळलाच.

"मग तुझ्याकडं आहे ते काहून फेकून देतेस? माझ्या पोट्ट्यांचे आईबाप ते लावू शकत नाहीत. तू लावू शकतेस. पलीकडं हजारो इंजिनियर बसलेत, पोरीचं बोट थांबू नये म्हणून पगार घेणारे. इकडं एकटी चौदा वर्षांची पोर. मधात तू उभी आहेस, आणि म्हणतेस मी बाजूला होते."

त्याच्या या बोलण्यात खोट काढायला मला आजही जागा सापडत नाही.

मग तो कायद्यावर आला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो. त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुलाची माहिती वापरायची तर कंपनीला आईबापाची खातरजमा केलेली संमती लागणार. गूगलचा हिशेब मात्र तेराचा. तेरा पूर्ण होईपर्यंत ही देखरेख काढताच येत नाही, काढायची तर मुलाचं खातंच पुसावं लागतं; तेरानंतर ती थांबवता येते. "सरकार म्हणते अठरा, कंपनी म्हणते तेरा," भाऊ म्हणाला. "तू कंपनीचं ऐकणार?"

"त्याच कायद्यात पुढं वाच. मुलाचा माग काढू नये, त्याच्या वागण्यावर पाळत ठेवू नये, त्याला हेरून जाहिराती दाखवू नयेत. कंपनीनं जे करू नये म्हणतात ते मी रोज जेवणं झाल्यावर करते."

"तू कंपनी आहेस का? आई आहेस."

मी ऑस्ट्रेलियाचं काढलं. तिथं १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. पण दंड आहे तो कंपन्यांना. मुलाला नाही, आईबापालाही नाही. म्हणजे त्या देशानं पोरांच्या हाताला दोरी बांधली नाही, दुकानदाराला धरलं. भावाला हे पटलं. पण आपल्याकडं दुकानदार धरला जाईपर्यंत पोरीची दहावी, बारावी, सगळं होऊन जाईल, असं तो म्हणाला, आणि तेही खरंच होतं.

बंदी हा शब्द निघाला की आमच्या दोन जिल्ह्यांतली माणसं फार वेळ फोनविषयी किंवा आणखी कशाविषयी बोलत राहत नाहीत, दारूवर येतात. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती बायकांनी मिळवली. २०१० मध्ये पारोमिता गोस्वामींच्या श्रमिक एल्गार संघटनेसोबत बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या होत्या. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात बंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. कारण दिलं की चोरटी दारू वाढली, बंदी नावालाच राहिली.

"तुमच्या चंद्रपूरची हीच रीत," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "चोरून होतं म्हणून उठवून टाका. पोरगी आजीच्या फोनवर चोरून बघते म्हणून तू लॉक काढतेस. उद्या काही चोरीला जायला लागलं तं दारच काढून ठेवशील?"

"आणि तुमच्याकडं? तेहतीस वर्षं बंदी आहे. गडचिरोलीत दारू मिळत नाही?"

"मिळते," तो म्हणाला. भाऊ खोटं बोलत नाही, म्हणून त्याच्याशी वाद घालावासा वाटतो. "कागदावरची बंदी माझ्याही जिल्ह्यात सगळीकडं टिकली नाही. जिथं बायांनी धरून ठेवली तिथं टिकली. डॉक्टर बंगांच्या सर्च संस्थेनं २०१६ पासून मुक्तिपथ हे दारूमुक्तीचं काम लावलं, ते गावागावातल्या संघटनांवर उभं आहे. गावातल्या दहा बाया रात्री काठी घेऊन निघतात, तिथं भट्टी लागत नाही. पोलिसानं येऊन मडकी फोडली तं आठ दिवसांत परत लागते."

"मग माझंच म्हणणं झालं ना हे. माझ्या घरात धरून ठेवणारं कोण आहे? मी नाही. माझा फोन धरून ठेवतो. साडेनऊ वाजले की तोच तिचा फोन बंद करतो. मी त्या वेळी भांडी आवरत असते. दोन वर्षांत एकदाही मी तिला तोंडानं म्हटलेलं नाही की बाळा, ठेव आता."

हे मी बोलून गेले आणि मलाच ते लागलं. दारूची आणि फोनची तुलना पुरती बसत नाही, हे दोघांनाही कळत होतं. फोनवर लेक भूमिती शिकते. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि "शाळा बंद, पण शिक्षण आहे" असं म्हणत आपणच पोरांच्या हातात फोन दिले. भावाच्या मुलांच्या गावांना तेव्हा रेंजच नव्हती. तो आणि त्याचे सोबती गावोगाव जाऊन झाडाखाली शिकवत. दारूचं असं कोणी म्हणत नाही की अभ्यासापुरती घे.

तरी फोनची बंदी गावांनी करून पाहिली आहे. बाजूच्याच यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला होता: अठरा वर्षांखालच्या कोणीही मोबाइल वापरायचा नाही. मुलं खेळांत बुडाली, अभ्यास सुटला, म्हणून गावानं एकत्र येऊन ठरवलं. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं वेगळी रीत काढली. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला बसतात, मोठे वाचतात नाहीतर बोलत बसतात. साडेआठला भोंगा परत वाजतो.

भावाला बान्सीचा ठराव जवळचा वाटतो. मला वडगाव. कारण एकच: बान्सीचा नियम करणारे सगळे अठराच्या वरचे होते आणि लागू होणारे सगळे खालचे. वडगावचा भोंगा सरपंचालाही ऐकू येतो. माझ्या घरातलं कुलूपही बान्सीचंच आहे. नवरा थर्मलमधली, म्हणजे वीज केंद्रातली, रात्रपाळी करून आला की दोन तास फोन छातीवर ठेवून पडतो, मगच डोळा लागतो. मी स्वतः जेवताना बँकेच्या ग्रुपवर उत्तरं देते. लेक हे सगळं बघते, आणि तिच्या एकटीच्याच पडद्यावर येतं की आजची वेळ संपली.

"सगळ्यांना एकच माप नसतं," भाऊ म्हणाला. "तू गाडी चालवतेस. तिला चावी देतेस का?"

"नाही देत. पण मी हेल्मेट घातल्याशिवाय तिला घाल म्हणत नाही."

तो हसला नाही. त्यानं विचारलं, "आणि तो ठिपका? तोही काढणार?"

इथं मी अडखळले. बाकी सगळं काढायला माझं मन तयार होतं. ठिपका काढायला नव्हतं.

आम्ही दुर्गापूरकडं राहतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये थर्मलच्या आवारात वाघानं एका कामगाराला मारलं आणि पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्यानं सोळा वर्षांच्या मुलाला नेलं. लेक तेव्हा दहा वर्षांची होती. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत सहानंतर एकही दार उघडं नव्हतं. आजही दिवे लागायच्या वेळी कुत्री एकदम गप्प झाली की बायका पोरांना हाका मारायला लागतात. लेकीची शिकवणी तुकूमला आहे. संध्याकाळी ती सायकलनं परत येते, आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर फोन टेकवून ठेवते. कणीक मळता मळता ठिपका सरकताना दिसतो. तुकूमची चढण, मग वळण, मग आमचा फाटा. रोज वीस मिनिटं.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी ठिपका सरकलाच नाही. सात वाजले, सव्वासात, साडेसात. शिकवणीच्याच जागी, जसाच्या तसा. फोन लावला, उचलत नव्हती. मी गॅस बंद केला, गाडी काढली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाभळीची झुडपं, आणि मी दिव्याच्या उजेडात प्रत्येक झुडपाकडं बघत चाललेली. पोचले तर लेक पायरीवर मैत्रिणींसोबत शेंगदाणे खात होती. सरांनी जादा तास घेतला होता. मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायला तिनं फोन काढला, तर दिवसाचे दोन तास संपलेले. दुपारी भूमितीचे व्हिडिओ बघितले होते, त्यातच गेले. फोन बंद. मग वर्गात आवाज बंद करून दप्तरात टाकला, म्हणून माझाही फोन ऐकू आला नाही. मी मैत्रिणींसमोर तिला खूप बोलले. ती ऐकून घेत होती. नंतर गाडीवर मागं बसल्यावर एवढंच म्हणाली, "ठिपका तर शिकवणीतच होता ना आई? मग तू घाबरलीस कशाला?"

भावाला ही गोष्ट मी पहिल्यांदाच सांगत होते. नवऱ्यालाही सांगितलेली नाही.

"ठिपका बिबट्याला अडवत नाही," मी म्हणाले. "हे मला कळतं. वनखात्याचा माणूस गावात येऊन काय सांगतो? एकट्यानं जाऊ नका, बोलत जा, हातात काठी ठेवा, अंधार पडायच्या आत परता. कोणी कोणाला नकाशावर बघत बसा म्हणत नाही. ठिपका माझ्यासाठी आहे. माझी छाती धडधडते तिला बांधलेली दोरी आहे ती."

"असू दे तुझ्यासाठी," भाऊ म्हणाला. "आईची छाती धडधडते, त्यात लाजायचं काय आहे?"

मग बराच वेळ आम्ही दुसरंच काही बोललो. आंबे, आईचं गुडघ्याचं दुखणं, त्याची बदली. परत विषयावर आला तो भाऊच. त्याच्या शाळेपासून मेंढा-लेखा लांब नाही. देवाजी तोफांच्या या गावाला २००९ मध्ये जवळपास १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हापासून देशभरातून माणसं ते बघायला येतात. पण भावाला तिथलं जंगलापेक्षा ग्रामसभेचं कौतुक जास्त. मत मोजत नाहीत. एकाचंही मन तयार नसलं तर विषय पुढच्या बैठकीला जातो, मग पुढच्या, मग त्याच्याही पुढच्या.

"आणि गोंड पोरापोरींचा गोटुल," तो म्हणाला. "म्हाताऱ्यांना विचारतो मी कधी कधी. गोटुलात आईबाप डोकावत नसत. पोरापोरींचं राज्य. तुला वाटेल, हेच तं मी म्हणते. पण गोटुल मोकाट नव्हता बाई. तिथं मोठी पोरं असत. लहान्यांना सरपण आणायला लावत, नाचायला शिकवत, चुकलं तं दंड करत. आईबाप नव्हते, पण गाव होतं. तुझ्या पोरीच्या फोनातल्या गोटुलात मोठं कोण आहे? कोणी नाही. तिथं सगळे अनोळखी, आणि त्यातले काही वयानं मोठे आहेत तेच भीतीचे."

मी म्हणाले, "तिथं मोठं माणूस मी असावं असं मला वाटतं. पण आतापर्यंत मी पहारेकरी होते. पहारेकऱ्याला कोणी काही सांगायला येत नाही."

"आणि लॉक काढलं की सांगायला येईल?"

"माहीत नाही."

"माहीत नाही, आणि तरी काढणार."

"लावलेलं असताना येत नाही, एवढं माहीत आहे."

पायऱ्यांवर आवाज झाला. लेक पाण्याची बाटली घेऊन वर आली होती. किती वेळ तिथं उभी होती कोण जाणे. साडेनऊनंतर तिच्या फोनचा काही उपयोग नसतो, म्हणून उन्हाळ्यात ती उशिरापर्यंत अशीच घरभर फिरत असते. मामानं तिला बाजूला बसवलं आणि सरळच विचारलं, "तुझी आई लॉक काढतो म्हणते. मी म्हणतो नको. तुझं काय?"

मला वाटलं ती आनंदानं उडी मारेल. ती चटईची काडी ओढत राहिली.

"वेळ काढा. अ‍ॅपचं काढा," ती म्हणाली. "रात्रीचं नको."

"काहून?"

"मामा, आमचा वर्गाचा ग्रुप रात्री बारापर्यंत चालू असतो. उत्तर नाही दिलं की दुसऱ्या दिवशी मुली बोलत नाहीत. साडेनऊला बंद होतं म्हणून मला बरं पडतं. आईनं बंद केलं असं सांगता येतं."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. तासभर आम्ही तिच्या स्वातंत्र्यावर आणि तिच्या सुरक्षिततेवर बोलत होतो, आणि हे आमच्यापैकी कोणाच्याच मनात आलं नव्हतं. कुलूप तिला आड म्हणून हवं होतं, मैत्रिणींपासून.

"मग रात्रीचं आपण घरातच ठरवू," मी म्हणाले. "दहा वाजता सगळ्यांचे फोन हॉलमधल्या कपाटात. माझाही."

"बाबांचा?"

"बाबांचाही. रात्रपाळी असेल तेव्हाचं बघू."

"मग सांगता येईल," ती म्हणाली. "आमच्या घरात नियम आहे म्हणून."

भावानं तिला आपल्या परीनं चार गोष्टी सांगितल्या. पैशाची कसलीही फसवणूक झाली तर १९३०. कोणी त्रास दिला, फोटो मागितला, धमकी दिली तर १०९८. "हे नंबर पाठ कर. पण त्याच्या आधी मला फोन कर. आई ओरडेल असं वाटलं तं मला. मी ओरडणार नाही. माझ्या एका पोट्ट्यानं दोन महिने कोणाला सांगितलं नाही, म्हणून सगळे पैसे गेले. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तं थोडेच गेले असते."

मग लेकीनं माझ्याकडं पाहिलं. "ठिपका पण जाणार?"

"देखरेख काढली की तो जातोच. तुला नकोच असेल ना तो?"

"मला नको असं नाही. पण तू रोज चिचपल्लीच्या पुढून येतेस. लोहारा, घंटाचौकी, पूर्ण जंगल. कधी सात होतात, कधी आठ. मला तुझा ठिपका दिसत नाही. मी काय बघू?"

मी दोन वर्षं ओट्यावर फोन टेकवून तिला बघत होते. आपण घरी येईपर्यंत घरात बसलेलं कोणी आपल्याकडंही बघत असेल, हे मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, मी ते काढलं. माझ्या फोनात तिचं नाव, मग सेटिंग, मग देखरेख थांबवायचं. काय काय बंद होईल त्याची यादी समोर येते, ती तिनं मोठ्यानं वाचली. लॅपटॉपचंही काढलं. त्यानंतर नकाशातून दोघींनी एकमेकींना आपापलं ठिकाण दाखवायचं चालू केलं. ते कोणालाही, कधीही थांबवता येतं. भाऊ चहा पीत सगळं बघत होता. निघताना परत म्हणाला, "दहावीचा निकाल लागेपर्यंत ठेवलं असतंस तं बरं झालं असतं." त्याचं मन वळलेलं नाही. मेंढ्यात असतो तर हा विषय पुढच्या बैठकीला गेला असता.

जूनमध्ये पहिल्या पावसाच्या दिवशी शाखेत उशीर झाला. हिशेब जुळेना. निघाले तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. घंटाचौकीच्या अलीकडं झाड आडवं पडलेलं, दोन्हीकडं गाड्या थांबलेल्या, आणि तिथं कोणालाच रेंज नाही. माणसांनी मिळून फांद्या तोडल्या, वाट केली. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं गेली. लोहाऱ्याजवळ रेंज आली तसा फोन वाजला. मी गाडी बाजूला घेतली.

"आई, तुझा ठिपका हलतच नव्हता. कधीपासून तिथंच. बाबा ड्यूटीवर. मी मामाला फोन केला."

"काय म्हणाला मामा?"

"म्हणाला, तिकडं रेंज नसते, वाट बघ. मी गेटपाशी उभी आहे."

"गेटपाशी नको उभी राहू. अंधार पडला आहे. आत जा."

"आजी आहे सोबत. काठी आहे," ती म्हणाली. "तू ये आधी."